दोन्ही कान दिसले पाहिजेत

नाही, पण मी म्हणतो, कान कशाला हवेत हो त्यांना? आणि एक नाही, दोन्ही! व्हिसाच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागे पांढरी भिंत पाहिजे, तोंडावर सावली नको, आणि हसायचं तर अजिबात नाही... म्हणजे माणूस अमेरिकेला चाललाय की येरवड्याला?

तुम्हाला सांगतो, माझं आपलं फोटोफ्रेमांचं दुकान, नारायण पेठेत. गिऱ्हाईक बहुतेक गेलेल्या माणसांचं, कारण जिवंत माणसाची फ्रेम करायला फुरसत कोणाला आहे? आणि भिंतीला भिंत लागून रतनराव मेश्रामांचा 'मैत्री फोटो स्टुडिओ'. हिंजवडीला काचेच्या इमारती उगवल्या तशी त्यांच्या दारात ही रांग! खांद्याला सॅक, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, "काका, यूएस व्हिसा, अर्जंट आहे, कॅब थांबलीये!" आणि आतून रतनरावांचा तो मेलेला आवाज... "बसा. मान सरळ. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

मेलेला का म्हणतो? अहो, हा माणूस पोर्ट्रेटवाला! भंडाऱ्याकडचा, तरुणपणी पुण्यात आला, इथेच संसार केला, पण जिभेवरचं गाव काही पुसलं नाही. दारावर पाटी काय, तर 'येथे हसण्याची सक्ती नाही'. पुण्यात येऊन हे एवढं बरोब्बर शिकले. कोणी नवशिका सल्ला विचारायला आला की झालं, दुपार गेली! "हे पाय, गिऱ्हाईक आलं की कॅमेऱ्याले हात लावायचा नाही. आधी पाणी द्यायचं, गाव विचारायचं. खिडकीकडे पाठ करून कोणाले बसवायचं नाही, तोंड काळं येते. एक गाल खिडकीकडे, दुसऱ्या गालाशी थर्माकोलचा पांढरा तुकडा, बस, दुसरे दिवे कायले पाहिजे? आन् पहिला फोटो वाया जाऊ द्यायचा. पहिल्या फोटोले माणूस लोकांसाठी हसते. ते हसू संपू द्यायचं. मंग तो श्वास सोडते, खांदे खाली येतात... तेव्हा खटका दाबायचा. तो फोटो त्याचा."

आता एवढं सगळं करायला वेळ लागतो की नाही? मग एक धंद्याचे गुरू भेटले त्यांना, टाय लावलेले, हॉटेलात शिबिरं घेणारे. "रतनजी, एका चेहऱ्यावर तुम्ही तास घालवता? तेवढ्या वेळात रांग संपते! इमोशन बाजूला ठेवा, व्हॉल्यूम बघा, व्हॉल्यूम!" मला वाटलं, आता रतनराव या गुरूला बाहेर काढतात. तर नाही. रतनराव म्हणाले, "बरोबर आहे साहेब. घर व्हिसावर चालवायचं, नाव पोर्ट्रेटवर." आणि पुढच्याला बसवला... दोन्ही कान दिसले पाहिजेत!

इथपर्यंत ठीक होतं हो. पण मग त्यांच्याच मुलाच्या, प्रज्ञेशच्या, व्हिसाची पाळी आली. एकुलता एक, हुशार, कंपनी अमेरिकेला पाठवतेय. त्याच्या आईनं, चंपावहिनींनी, सगळ्या आळीत पेढे वाटले. आणि रतनरावांनी काय करावं? पोराला खिडकीशी बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतःच्या पोराला, ऐका बरं का, गाव विचारलं! तो हसला, हसू संपलं, श्वास सोडला... खटका! काय फोटो आला! मी इतकी वर्षं चेहरे काचेत बसवतोय, असा चेहरा पाहिला नाही. व्हिसाच्या एजंटने बघितला न बघितला आणि परत दिला. "अंकल, ब्युटिफुल आहे, पण चालणार नाही. एका गालावर शॅडो आहे, लेफ्ट कान अंधारात आहे, आणि हे थोडं स्माईल करतायत."

प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, सोडा ना आता. स्वारगेटला एक जण आहे, दोन मिनिटांत काढून देतो." आणि गेला, आणि काढून आला, आणि पास झाला, आणि अमेरिकेला उडालासुद्धा! दुनियेला व्हिसाचे फोटो देणारा माणूस, आणि पोरगं गेलं ते स्वारगेटच्या फोटोवर. मी म्हटलं, "रतनराव, तुमचा तो फोटो द्या, छान फ्रेम करतो." तर म्हणाले, "नापास फोटो आहे तो. राहू द्या." ड्रॉवरमध्ये टाकला. लागलं होतं हो त्यांना. फार लागलं होतं.

मग ते कॉम्प्युटरवर बोलणं सुरू झालं. दर रविवारी संध्याकाळी, आपल्याकडे दिवेलागण आणि तिकडे सकाळ. स्टुडिओतच कॉम्प्युटर, समोर रतनराव आणि वहिनी, आणि मी आपला उगाच मागे. वर्षभर पोरगं छान दिसायचं. आणि मग ते साल आलं, तिकडच्या बँका धडाधड बसल्या ते, आणि दिवाळीपासून काय झालं कोण जाणे, प्रज्ञेश दिसेचना! म्हणजे यायचा, बोलायचा, पण खिडकीकडे पाठ करून. मागे लख्ख उजेड आणि मध्ये काळा ठोकळा. "खोली बदललीये बाबा, टेबल इथेच मावतं." वहिनी विचारायच्या, "जेवतोस ना रे?" ठोकळा म्हणायचा, "हो आई." आता आईला ठोकळ्यावरून काय कळणार? बोलणं संपलं की त्या दर वेळी एकच म्हणायच्या, "बारीक झाला असेल का हो?" आणि दोघं त्या काळ्या काचेकडे बघत बसायचे. पोराचा चेहरा नीट दिसावा, एवढंच मागणं होतं हो त्यांचं, दुसरं काय?

आणि एका मंगळवारी कॉम्प्युटरवर त्याचाच फोन आला. मंगळवारी! तिकडे कामाचा दिवस, सकाळची वेळ. "आज वर्क फ्रॉम होम आहे, बाबा. जय भीम." पुन्हा तीच खिडकी, तोच ठोकळा. आणि रतनराव, जो माणूस त्या टायवाल्या गुरूवरसुद्धा चिडला नाही, तो चिडला! "अबे, काय करून राहिला तू? साऱ्या पुण्याले सांगून राहिलो, खिडकीकडे पाठ करू नका, आन् माझंच पोट्टं अंधारात बसते? फिरव टेबल!"

"असू दे ना, बाबा."

"फिरव म्हणतो ना!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चित्र हललं, छत दिसलं, दार दिसलं... आणि पोरगं दिसलं. खिडकीचा सगळा उजेड तोंडावर. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, आणि तोंडावर हे एवढं हसू! वहिनी "अगं बाई..." म्हणून पुढे झाल्या, तर रतनरावांनी हात आडवा धरला. नुसते बघत राहिले. आणि माझ्या लक्षात आलं, तुम्हाला सांगतो, हा माणूस थांबला होता! हसू संपायची वाट बघत होता.

संपलं ते. कसं नाही संपणार? पोराने श्वास सोडला, खांदे खाली आले.

"बाबा... नोकरी गेली. दिवाळीच्या आधीच. दुसरी मिळेल म्हणून सांगितलं नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही, आता इथे राहताही येणार नाही. आईनं पेढे वाटले होते ना सगळ्यांना..."

मी खाली मान घातली. एक पेढा मीही खाल्ला होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आणि रतनरावांना, अहो, काहीतरी मोठं बोलता आलं असतं की नाही? बाप ना? तर त्यांनी विचारलं, "पाणी पेला का सकाळपासून?" मग म्हणाले, "ये. घरी ये."

आणि नेमकं तेव्हाच ते कनेक्शन अडकलं! आवाज गेला, चित्र जागच्या जागी थिजलं. वहिनी "प्रज्ञेश, प्रज्ञेश" करताहेत, मी वायर हलवतोय, आणि रतनराव मात्र हलले नाहीत. मीही बघितलं मग. पोराच्या मागे भाड्याच्या खोलीची पांढरी भिंत. तोंड सरळ. गालावर सावली नाही. हसू तर नाहीच नाही.

"दोन्ही कान दिसून राहिले," रतनराव म्हणाले. "हा पास झाला असता."

अशा वेळी जीभ धंद्यावर जाते माणसाची. मी म्हटलं, "रतनराव, याची प्रिंट काढा... फ्रेम करून देतो."

त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"फ्रेम कायले? माणूस येऊन राहिला ना."