बियाण्याचा दुधी

बोईसरला एसटीच्या थांब्यावर हेमांगीशेजारी दोघी बोलत बसल्या होत्या; ती ऐकत होती. जयवंतीची पिशवी दुधींनी भरलेली, पुष्पलताजवळ मासळीची रिकामी टोपली.

“घे गो पुष्पलता, दोन तरी ने.”

“परवाचेच हायेत घरात. तुझा वेल लईच धरलाय यंदा.”

“लावला ह्यांनी, आन् बघायला राहिले नायत. रोज वाटते, तरी संपत नाय.”

“बियाण्याला कुठला राखलास?”

“तोडू नये म्हणून त्याला चिंधी हेच बांधायचे. यंदा चिंधी कुठंच दिसली नाय, मी सगळेच दुधी तोडत गेले.”

“वेलावर काय उरलंय?”

“एकच हाय, कोवळा.”

पुष्पलतानं टोपलीवरच्या फडक्याची कड फाडून तिच्या हातात ठेवली.

“मी बांधू?”

“तूच. आन् मग तो कोणी मागितला तरी देऊ नको.”