खोट्या जत्रेतले खोटे फोन

…आणि वर साहेब मलाच विचारतात, "आनेग्रेट, प्रतिकृती झाली का?" अहो, होईल कशी? तुम्हाला सांगते, ज्याची करायची ते जागेवर थांबेल तर ना…

म्हणजे कसं, आमच्या जिल्ह्यात कुणी रुग्णवाहिकेला फोन लावला की तो आधी आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून जातो, ते जवळची गाडी शोधतं. आता हे सॉफ्टवेअर सलग एक वस्तू नाही, त्याचे भाग आहेत, फोन वाढले की ते आपल्या मनानेच एका भागाचे चार करतं, कमी झाले की परत एक. शिवाय आमचा मीर्को त्यात रोज काहीतरी नवीन जोडतो, ते वेगळंच. माझं काम काय, तर कॉम्प्युटरवर या सगळ्याची हुबेहूब प्रतिकृती करायची, तिच्यात खोटे फोन सोडायचे आणि पुढे काय होईल ते आधीच बघायचं. नवरा विचारतो, "आज काय केलंस?" काय सांगू त्याला? खोटी माणसं आजारी पाडली, त्यांना खोट्या गाड्या पाठवल्या आणि जेवायला आले?

सकाळी प्रतिकृती पुरी करावी, तर दुपारी मीर्को कॉफीचा मग घेऊन दारात. "एक छोटासा भाग बदललाय गं, तुझं काही बिघडणार नाही ना?" नाही कसं… परत पहिल्यापासून. जागेवर थांबेल तर ना…

शेवटी मी म्हटलं, बदलायचंच आहे ना याला, मग ते बदलणंसुद्धा प्रतिकृतीत घालू. भाग कधी फुटतो, नवा भाग कामाला लागायला किती वेळ घेतो, सगळं. आणि तिच्यात आमच्या गावची वाइनची जत्रा सोडली. संध्याकाळ झाली, ताजी वाइन पोटात गेली, खोटी माणसं पटापट पडायला लागली. सॉफ्टवेअरने नवा भाग सुरू केला. तो तयार होईपर्यंत त्याला वाटलं, अजून कमीच पडतंय, म्हणून आणखी सुरू केले, मग त्या सगळ्यांना माहिती पुरवण्यात जुना भागही अडकला… आणि फोन? फोन नुसता वाजतोय. मी तडक उठले.

गेले विन्फ्रीडसाहेबांकडे. शांत माणूस, छत कोसळलं तरी आधी चष्मा पुसतील. "आनेग्रेट, ही जत्रा खोटी ना?" हो. "फोन खोटे?" हो. "मग खरं सॉफ्टवेअर का बदलायचं?" मी म्हटलं, "कारण शनिवारी खऱ्या जत्रेला तुमची आई जाणार आहे." त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मीर्कोला बोलवा."

मीर्को आला तो कुरकुरतच. "तुझ्या या खेळापायी मी माझं काम बदलू?" मी सरळ जत्रा लावली. बघता बघता त्याने खुर्ची ओढली, कॉफी गार झाली. "परत लाव," म्हणाला. मग आम्ही दोघं बसलो, नवे भाग गर्दीच्या आधीच आणि एकामागून एक उठतील असं केलं, पुन्हा जत्रा लावली, पुन्हा दुरुस्त केलं, एकही फोन ताटकळेना तेव्हा उठलो.

शनिवारी मी फोन घेणाऱ्या हेडविगबाईंच्या मागे जाऊन बसले. त्या जत्रेतला खारा कांद्याचा केक खात म्हणतात, "तू कशाला आलीस? काही होणार आहे का?" फोन वाढत गेले, भाग आपले एकेक उठत गेले. तेवढ्यात पाळण्यांजवळ एक आजोबा छाती धरून पडले. त्यांची बायको फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगतेय, तेवढ्यात गाडी शेजारी उभी. वाचले हो आजोबा. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि हेडविगबाई म्हणतात, "कांदा जास्त झालाय ना?"

आता मीर्को काहीही बदलायच्या आधी माझ्याकडे येतो, "तुझ्या जत्रेत टाकून बघ गं जरा." काम दुप्पट झालंय. थांबेल तर ना…

आणि सोमवारी साहेब काय म्हणाले? "बघा, झाली जत्रा. उगाच घाबरवलंत, काहीसुद्धा झालं नाही."

मी म्हटलं, "हो साहेब. त्याचाच तर पगार घेते मी."