कुत्रं आमच्या दारात बसलं

ज्या दिवशी दादा गेल्याचं कळलं त्या दिवशी सकाळी मी शेतातल्या आखाड्यावर चहा घेऊन गेलते. दादा सोयाबीनच्या गंजीशेजारी पडलता. मी त्याचं तोंड झाकलं आन् गावाकडं पळाले. दुपारी बीडहून पोलिसांचं कुत्रं आलं. ते आमच्या दारात येऊन बसलं.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला नीट कळंल. मी ह्याच गावची. चौसाळ्यापासून आत आलं की आमचं गाव. आमी दोघंच भावंडं, दादा थोरला, मी धाकटी. वडील लवकर गेले, मंग दादानं शाळा सोडली आन् मला शिकवलं. बीडला रोज एस्टीनं जाऊन मी बी.ए. केलं, आन् संध्याकाळी फाट्यावर दादा सायकल घेऊन थांबायचा. लोक म्हणायचे, पोरीला एवढं शिकवून काय कलेक्टर करतूस व्हय, तर हा म्हणायचा, न्हाई बाबा, मला आलेली पत्रं वाचायला ठेवणार हाय तिला, आन् ह्याला पत्र कुणाचंच येत न्हवतं. लग्नही त्यानं गावातच लावून दिलं, का तर बहीण डोळ्यासमोर ऱ्हावी. मी गावच्या वाचनालयात काम करते. पुस्तकातलं बोलता येतं मला, पण ही गोष्ट सांगायला लागले की घरचीच बोली तोंडात येती, तुमी ती तशीच ठिवा.

आमची आन् दादाची जमीन बांधाला बांध लागून. विहीर मधी, दोघांची. दिवसा लाईट थोडाच वेळ ऱ्हाती, त्यामुळं पाणी कुणी घ्यायचं ह्याच्यावरून दर साली कुरबुर. त्या वर्षी जरा जास्त झाली. बांधावर चार लोक होते, त्यांच्यादेखत हे दादाला म्हणले, पुन्हा माझी मोटर बंद केली तर तुलाच हिरीत घालीन. दादा म्हणला, घाला की दाजी, तेवढंच पाणी वर येईल. समदे हसले, हे सुदा हसले. पण पुढं लोक हसलेलं विसरले आन् त्यांनी हिरीत घालीन एवढंच ध्यानात ठिवलं.

आखाडा म्हणजे शेतातली पत्र्याची खोली आन् जनावरांची जागा. सोयाबीन कापून गंज लावली होती, मळणी व्हायची होती, म्हणून दादा राखणीला तिथंच झोपायचा. वहिनी माहेरी आष्टीला गेलती. त्यामुळं सकाळचा चहा माझ्याकडून. थंडी पडायला लागली होती, दारातल्या दोरीवर ह्यांचा टावेल वाळत होता तो मी कानाला गुंडाळला आन् किटली घेऊन निघाले. बस, एवढंच केलं मी. आन् दादाला तसं रक्तात पडलेलं बघितल्यावर तोच टावेल सोडून त्याच्या तोंडावर टाकला. मयताचं तोंड उघडं ठेवत न्हाईत आपल्याकडं. दुसरं काय टाकणार होते मी? हाताशी तेवढंच होतं.

मंग पोलीस आले, गाव लोटलं, बाया मला धरून बसल्या. मला तवर कुणी काही इचारलं न्हवतं. मी लांबून बघत होते. कुत्र्यावाल्या पोलिसानं दादाच्या तोंडावरचा टावेल चिमट्यानं उचलला आन् कुत्र्याच्या नाकाला लावला. मला तेव्हाही काही कळलं न्हाई, खरं सांगते. कुत्रं निघालं, आम्ही समदे त्याच्या मागं. बांध ओलांडला, पाणंदीच्या वाटेनं गावात आलं, देवळापुढून वळलं, आन् आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा मला तो टावेल कुणाचा ते आठवलं.

हे पोलिसांसाठी पाण्याची घागर न्यायला घरी आलते. कुत्रं सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसलं. हे म्हणले, हाड! गल्लीतली दोन-चार माणसं हसली, दादा तिकडं पडलेला असताना हसली, तोंडातून निघून गेलं त्यांच्या. मंग कुणी हसलं न्हाई. मंग समदी गल्ली ह्यांच्याकडं बघायला लागली.

मी पुढं पळाले, साहेबाला सांगितलं की साहेब तो टावेल ह्यांचा हाय, मी नेलता, मी टाकला. साहेब नीट ऐकून घेत होते पण शेवटी म्हणले, ताई, तुमी सांगताय ते खरं असंल, पण कुत्रं दारात येऊन बसल्यावर आठवलं का तुम्हाला? तेवढ्यात आष्टीहून वहिनी आली. पोलिसांचं कुत्रं आल्याचं तिला वाटेतच कळलं होतं, तिनं रडायच्या आधी मला इचारलं, कुत्रं कुठं गेलं. कुणीतरी सांगितलं. ती मला म्हणली, ताई, माणूस खोटं बोलतंय, कुत्र्याला काय पडलंय खोटं बोलायचं? आन् तिनं तिच्या घराचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं. भाऊ माझा, आन् त्याच्या मयताला मी उंबऱ्याच्या बाहेर उभी.

पण मला भ्या वाटायला लागलं ते कुत्र्यामुळं न्हाई. ते सांगते.

दादाला न्यायच्या आधी बीडहून आलेल्या लोकांनी, हातमोजे घातलेले होते त्यांनी, दादाच्या दोन्ही पंजांना कागदी पिशव्या बांधल्या. लहान पोराच्या हाताला मोजे बांधावे तशा मनगटाशी बांधल्या. माझ्याजवळ एक पोलीसबाई उभी होती, तिला मी म्हणलं, बाई, हे कावून? ती चांगली होती, हळूच म्हणली, मरताना झटापट झाली असंल तर ज्यानं मारलं त्याची कातडी नखात ऱ्हाती, ती प्रयोगशाळेत तपासतात, त्यावरून माणूस कळतो.

आन् मला हळद आठवली.

आदल्या दिवशी हे दिवस मावळल्यावर घरी आलते. उजव्या हाताला, कोपराच्या खाली, ओरखडे होते. मी इचारलं काय झालं, तर म्हणले, कुंपणाची तार लागली. मी हळद लावली, भाकरी वाढली. तेव्हा त्यात काहीच न्हवतं. आता डॉक्टर म्हणत होते की दादा दिवस मावळायच्या सुमाराला गेला असंल, मी दुपारीच दिलेली रात्रीची भाकरी फडक्यात तशीच बांधलेली होती. तुमीच सांगा, असं दोन्ही बाजूनी येऊन एका ठिकाणी मिळालं की बाईमाणसानं कुठं जावं?

साहेबांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन समद्यांदेखत इचारलं, घरात कुणाला लागलंय का, खरचटलंय का. हे समोर बाजेवर बसलते, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. मी त्या बाहीकडं बघत बसले. साहेब उठायला लागले. मंग मी म्हणलं, ह्यांच्या हाताला हाय. का म्हणलं ते मला आजही सांगता येत न्हाई. एका बाजूला कुंकू, एका बाजूला फाट्यावर सायकल घेऊन थांबलेला दादा. तोंडातून निघालं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आपल्या हातानं बाही वर सारली आन् साहेबापुढं हात धरला.

त्यांना बीडला नेलं, दवाखान्यात रक्त घेतलं, ठाण्यात बसवून लई इचारपूस केली, मंग घरी सोडलं. अहवाल येस्तवर गाव सोडायचं न्हाई म्हणून बजावलं. वहिनी चावडीपुढं ओरडली, कुत्रं दारात बसलं तरी माणूस मोकळा! साहेब म्हणले, बाई, नुसत्या कुत्र्यावरून कुणाला खुनी म्हणता येत न्हाई, जरा दम धरा.

दम आमी धरला. तो कसा धरला ते काय सांगू तुम्हाला. एका घरात, एका चुलीवर. ह्यांनी पाणी मागितलं की मी तांब्या लांबूनच सरकवायची. हे मागून आले की मी भिंतीला पाठ लावायची. माझ्या हातचं जेवायचे ते, आन् मी त्यांच्या हाताकडं बघायची, खपली धरली होती, मंग खपली पडली, मंग पांढऱ्या रेघा ऱ्हायल्या. ह्याच हातानं असंल का, एवढंच डोक्यात. वाचनालयात पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, वाचता काही येत न्हवतं.

एके दिवशी मी घरातला कोयता उचलून ज्वारीच्या कोठीत दडवला. हे चारा कापायला निघाले, खुंटीवर बघितलं, दाराआड बघितलं. म्हणले, कोयता कुठाय गं? मी म्हणलं, असंल तिथंच. ते उभे ऱ्हायले. त्यांना कळलं. मंग तसेच रिकाम्या हातानं गेले आन् कडवळ हातानं उपटून आणलं, तळहात सोलून निघाले. भारा टाकला आन् म्हणले, कुत्र्याचं ठीक हाय, मुकं जनावर हाय ते. तुला तर तोंड हाय. इचार की मला एकदा.

मी इचारलं न्हाई. कसं इचारू? न्हाई म्हणले असते तर मला खरं वाटलं नसतं, आन् हो म्हणले असते तर त्या घरातून मी कुठं जाणार होते? ते बराच वेळ दारात थांबले, मी चुलीपुढं बसून ऱ्हायले, दूध उतू गेलं तरी उठले न्हाई. मंग ते जनावरांकडं गेले.

अहवाल लई उशिरा आला. आमा दोघांना ठाण्यात बोलावलं. वहिनीलाही बोलावलं, ती कोपऱ्यात पदर डोळ्यापर्यंत ओढून बसली. साहेबांनी सोप्या भाषेत सांगितलं. टावेलावर ह्यांचा घाम, माझे केस आन् दादाचं रक्त. म्हणजे मी सांगितलं ते खरं होतं, कुत्रं टावेलाच्या वासानं आलं, ते बिचारं त्याच्या परीनं बरोबरच आलं. आन् दादाच्या नखात कातडी सापडली, पुरुषाची. ती ह्यांची न्हाई.

मी खुर्चीला धरून बसले. वहिनीनं पदर मागं घेतला. हे म्हणले, मंग कुणाची?

साहेब म्हणले, अहवालात एवढंच कळतं की ती तुमची न्हाई. आता एकेकाचं रक्त घेऊन ताडून बघायचं.

तेव्हापासून तेच चाललंय. शेजारच्या शेतवाल्यांचं घेतलं, मळणीयंत्रवाल्यांचं घेतलं. पण तवर दिवाळी होऊन गेलती, टोळ्या ऊसतोडीला उठल्या होत्या, निम्मं गाव कर्नाटकात न्हाईतर सांगलीकडं. पोलीस तिकडच्या उसाच्या फडांत जाऊन आले. अजून कुणाची जुळली न्हाई. मला वाटायचं अहवाल आला की माझं भ्या जाईल. ते गेलं न्हाई, नुसतं घरातून उठून गावात गेलं. आधी एकाच माणसाचं वाटत होतं. आता वाचनालयात पेपर वाचायला माणसं येतात, ताई बरं हाय का म्हणतात, लई वाईट झालं म्हणतात, आन् मी त्यांच्या मनगटाकडं बघते. ह्यातला एखादा दादाच्या मातीलाही आला असंल, खांदाही दिला असंल. तो मला रोज ओळखतो आन् मी त्याला ओळखत न्हाई.

ठाण्यातून आलो त्या दिवशी वहिनी आमच्या घरी आली, चुलीपुढं बसली, म्हणली, ताई, मी कुत्र्याचं ऐकलं, तुमचं न्हाई. मी म्हणलं, वहिनी, मी तरी कुठं ऐकलं कुणाचं. मंग आमी दोघी दादासाठी रडलो, तवर रडायलाच झालं न्हवतं.

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी म्हणलं, चुकलं माझं. ते म्हणले, भाऊ होता तुझा, तुझं बरोबरच होतं. एवढं बोलले. रागानं न्हाई, शांतपणे बोलले.

आता दादाचं रानही हेच बघतात, वहिनीच्या घरचं पाणी, पेरणी, समदं. देव सगळ्यांचं घर शाबूत ठिवो, दुसरं काय मागू. ज्यानं मारलं तो सापडला न्हाई. वहिनी माझ्याशी बोलती. हे बोलत न्हाईत.