राजा-राणीच्या पंक्तीला

सौम्या : सहा दिवस नेटचं हेच चाललंय, खंडोजीअण्णा. मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठतो, आवाज तुटतो. आणि आज तीन वाजता इंटरव्ह्यू आहे, शेवटची फेरी.

खंडोजी : लाइनीत दोष नाही गं. खांबावर चढून बघून आलो, तिथं शंभरचा स्पीड येतोय. घरात किती?

सौम्या : चार. माझ्या खोलीत तर तीनच.

खंडोजी : मग मधले शहाण्णव कुणी खाल्ले? राउटर कुठाय?

सौम्या : आई, राउटर कुठे आहे?

वसुमती : असेल की तिथंच, कोपऱ्यात.

सौम्या : कोपऱ्यात तर तुझ्या नवरात्राच्या बाहुल्यांची पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी आहे.

वसुमती : त्यांच्या मागं. पायऱ्या रचताना तो डबा मधेच लुकलुकत होता. हळदीकुंकवाला बायका येतात, त्यांना काय वायरींची जळमटं दाखवायची? सरकवला मागं.

खंडोजी : पायऱ्या कशाच्या केल्यात, अक्का?

वसुमती : दरवर्षीच्याच. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंका. वर पांढरं धोतर अंथरलंय.

खंडोजी : म्हणजे लोखंडाची भिंतच घातलीत पुढं. वायफायनं जायचं कुठून?

सौम्या : आणि मी सहा दिवस तुमच्या कंपनीला शिव्या घालतेय.

खंडोजी : ट्रंका स्वल्प सरकवू. पाच मिनिटांचं काम.

वसुमती : ते जमायचं नाही. एकदा मांडलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत. माझ्या हातून तर नाहीच.

सौम्या : आणि ही नवी नोकरी हातची गेली तर? हे लोक घरून काम करू देतायत, आई. आत्ताच्या कंपनीनं दिवाळीनंतर गुरगावला हजर व्हा म्हणून कळवलंय. तू इथं एकटी राहणार?

वसुमती : ते मला नको सांगूस. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. पण बाहुली हलणार नाही.

खंडोजी : थांबा हो दोघी. भिंत आणि ट्रंकांमध्ये चार बोटं फट आहे. अक्का, कपडे वाळत घालायची काठी द्या. सौम्या, तू मोबाइलचा उजेड धर.

वसुमती : सांभाळून. वर राजा-राणी आहेत, चंदनाची जोडी. माझ्या आईनं लग्नात दिलेली.

खंडोजी : वायर लागली हाताला. आला, आला… अडकला. उजेड डावीकडं. हां. आता वरून घे.

सौम्या : धरला. केवढा तापलाय हा.

खंडोजी : कोंडल्यावर माणूससुद्धा तापतो. वायर वरच्या पायरीपर्यंतच पुरतेय, तिथंच ठेवावा लागेल.

वसुमती : राजा-राणीच्या पंक्तीला?

खंडोजी : परवा आयुधपूजा. माझ्या शिडीला कुंकू लागतं, पकडीला लागतं. यानं काय घोडं मारलंय?

वसुमती : सरी, बरं, ठेवा. राजाच्या बाजूला ठेवा पण, राणीच्या नको.

सौम्या : ब्याण्णव. थांबा, खोलीत जाऊन बघते… इथंही सत्त्याऐंशी येतंय, आई.

खंडोजी : आणि बाहुली एकही हलली नाही. मोजून घ्या, अक्का.

वसुमती : मोजल्या. कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही.

(त्याच दिवशी, दिवेलागणीला. खंडोजी केव्हाच गेला आहे.)

सौम्या : एकदासुद्धा तुटलं नाही. शेवटी त्यांनी कॉलवरच सांगून टाकलं. एक तारखेपासून रुजू. घरूनच.

वसुमती : म्हणजे गुरगाव नाही.

सौम्या : नाही.

वसुमती : परत सांग.

सौम्या : गुरगाव नाही, आई. मी इथंच आहे.

वसुमती : जीव भांड्यात पडला गं बाई. थांब, देवापुढं साखर ठेवते.

सौम्या : पलंगावर ही रेशमी साडी कशाला काढून ठेवलीस? तुझी जुनी, मोरपंखी?

वसुमती : राजा-राणी गुंडाळायला. लेक घर सोडून निघाली की जोडी तिच्याबरोबर द्यायची असते. लग्नातच देतात खरं तर. पण तू निघालीच असतीस, तर तुझ्या बॅगेत घालणार होते.

सौम्या : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

वसुमती : आण ती साडी इकडं. कपाटात ठेवते.