बाही चार बोटं आखूड

मी मूळची खाप्याची, कन्हान नदीच्या काठची. घरी माग होते, बाबा लुगडी विणत, माय कांड्यांवर सूत भरे, आणि आम्ही पोट्ट्या त्या खटखटीतच वाढलो. विमल नाव माझं. ते आधी लिहा ताई, नाव आधी, मंग बाकीचं. तुम्ही वरच्या मजल्यावरच्या, मास्तरीण होत्या, तुमच्या अक्षरावर लोकं विश्वास ठेवतात, म्हणून तर तुम्हालेच बोलावलं. चहा घेतला ना?

तर आमच्या गल्लीत गोंदणारी यायची. दिवाळी झाली का यायची, टोपलीत सुया आन् काजळाची डबी. एका साली सगळ्या पोट्ट्यांनी हात पुढं केले आणि मी पळून मागाच्या खड्ड्यात जाऊन बसली, बाबा पाय सोडून बसत तिथं. माय वरून वाकून म्हणे, निघ वं, दोन ठिपक्यांनी मरत नाहीस, उद्या कोण ओळखन तुले? मी खालून म्हटलं, तू ओळखशीन. माय हसली. गोंदणारी नाही हसली. ती म्हणे, राहू द्या, कोरी राहू द्या हिले, आणि टोपली उचलून गेली. काय सांगू ताई, ते तिचं न हसणं अजून डोळ्यापुढं आहे, सकाळचं विसरते पण ते नाही.

मायच्या डाव्या हाताले आतून तुळस गोंदली होती, खाली पाच ठिपके. लग्न होऊन मी इकडं शहरात, सक्करदऱ्याले आली तर सासूबाईंनी पहिला महिना माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, कोऱ्या हाताची सून म्हणत. मले काही वाटे नाही. मी मशीन घेतली आणि ब्लाउज शिवायले लागली. चाळीस वर्षं शिवले. कोणाची बाही किती, कोणाचा दंड कसा, सारं तोंडपाठ, वही ठेवलीच नाही कधी.

दिलीप माझा कडेवर होता तेव्हा खाप्याहून निरोप आला, माय विसरायले लागली. मी गेली. माय आपला डावा हात माझ्यापुढं करे आन् विचारे, हे कोणाचं वं? मी म्हणे, तुझंच तर आहे माय, तुळस आहे तुझी. ती म्हणे, माझं नाही बाप्पा, माझ्या हातावर कोणतरी काढून गेलं. मंग चुलीतली राख घेऊन घासे. रक्त येवस्तोर घासे. मी हात धरला तर मलेच मारे, तू कोण होय म्हणे. ओळखशीन म्हटलं होतं ना मी खड्ड्यातून, तीच माय.

एका दुपारी बालटी घेऊन नदीवर गेली ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाले सापडली. जास्त नाही सांगत. बाबांनी फक्त तिचा डावा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाले, आमचीच आहे. तेव्हापासून ताई, गोंदण म्हटलं का मले तो उलटा केलेला हात दिसते. असं वाटे, आपल्या अंगावर नाही ना, मंग आपल्याले ते होणार नाही. मूर्खपणा आहे, पण बाईचं मन आहे.

चहा घेतला ना तुम्ही? विचारलं का मी आधी? बरं.

माझं कसं कळलं सांगते. शेजारणीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्या. चाळीस वर्षांत नाही झालं असं. ती हसली, म्हणे काकू, मले काय दोन डावे हात आहेत काय? मीही हसली. आन् ती गेल्यावर त्या दोन बाह्या एकीवर एक ठेवून पाहात बसली. मंग एक दिवस तलावावर फिरायले गेली आणि घर कोणत्या अंगाले ते सुचेच नाही, कठड्यावर बसून राहिली ऊन उतरेपर्यंत. भाजीवालीनं ओळखलं, तिचं ब्लाउज मी शिवलेलं, तिनं आणून सोडलं.

पूर्वा, दिलीपची पोरगी, तिनं माझ्या गळ्यात लॉकेट घातलं, आत फोन नंबर. तिसऱ्या दिवशी गळा रिकामा. कुठी काढलं, कोणाले देलं, देव जाणे. मंग हातात कडं घातलं, तेही गेलं. तेव्हा पूर्वा म्हणे, आजी, तुले काढता नाही येणार असं काही करू, नंबर गोंदूनच घेऊ. दिलीप मिहानमधल्या कंपनीतून कामावरून येऊन जेवत होता, ताटावरून उठला. म्हणे, माझी माय काय ढोर आहे नंबर मारायले? चार दिवस घरचा डबा नेला नाही. पाचव्या दिवशी आपणच म्हणे, करायचंच असन तर बाहीच्या आत करा, लोकायले दिसाले नोको. मी म्हटलं, काहून गा, रस्त्यावर चुकलेल्या बाईची बाही वर करून कोण पाहीन? आन् जो पाहीन, तो कसा माणूस असन? 

पूर्वानं नेलं मले. टॅटूवाली बाईच आहे, जिना चढून खोली, स्वच्छ. तिनं विचारलं, आजी, तुमच्या मर्जीनं ना? हो म्हटलं. म्हणे, अक्षरं कोणाकडं तोंड करून काढू, तुमच्याकडं का लोकांकडं? मी हात पुढं केला, डावाच, मायचा होता तोच, आतून. म्हटलं, माझ्याकडं, मले वाचता आलं पाहिजे. म्हणे, बरं, नाव सांगा. मी म्हटलं, गिरजा.

पूर्वा म्हणे, आजी, गिरजा कोण वं?

गिरजा माझी माय.

त्या बाईनं मशीन खाली ठेवली. म्हणे, आज नाही आजी, स्वतःचं नाव स्वतः सांगाल त्या दिवशी या, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी सुई लावणार नाही. चांगली आहे बाई. पण घाई मले आहे, तिले नाही.

मंग मी एक केलं. घरी बॉलपेननं हातावर लिहिलं, विमल, माझ्याकडं तोंड करून. सकाळी लिहायची, संध्याकाळी पाहायची. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्वा कॉलेजातून आली तर मी मोरीवर बसून हात घासून राहिली होती, साबणानं नाही, भांड्याच्या घासणीनं. तिनं विचारलं तर म्हणे मी तिले सांगितलं, माझ्या हातावर कोणतरी काढून गेलं. हे मले आठवत नाही ताई. पूर्वानं सांगितलं. हात पाहा, अजून लाल आहे.

त्या दिवशी ठरलं माझं. माझ्याकडं तोंड नोको. मले दिसनच अशा जागी नोको, मी घासून काढीन. लोकांकडं तोंड पाहिजे. आणि जागा मले माहीत आहे, शिवणारीले नाही तर कोणाले माहीत? दंडाच्या मागच्या अंगानं, कोपराच्या वर. तिथं बाई आपली आपल्याले कधी पाहात नाही. मागं चालणारा पाहाते. पण माझ्या बाह्या कोपरापर्यंत, जुन्या चालीच्या. म्हणून काल सात ब्लाउज उसवले, बाही चार बोटं आखूड केली. हात अजून मशीन विसरला नाही. सातही पाहून घ्या, डावी डावी, उजवी उजवी.

आज चार वाजता पूर्वा येईन, मले त्या टॅटूवालीकडं न्यायले. आता मुद्द्याचं लिहा. मी विमल, खाप्याची, सक्करदऱ्याची, आज माझ्या मर्जीनं हो म्हणून राहिली. नाव आन् दिलीपचा नंबर, डाव्या दंडावर मागून, लोकांकडं तोंड करून. तिथं जाऊन मी हात ओढला, रडली, पूर्वाले तू कोण म्हटलं, तरी त्या बाईले हा कागद दाखवा. तेव्हाचं माझं नाही म्हणणं ऐकू नोका. आत्ताचं हो ऐका. मायले कोणी असं विचारलं नव्हतं, मले तर विचारलं.

दिलीप सुखी राहो, पूर्वाचं भलं होवो, तुमचे हात असेच लिहिते राहोत. झालं माझं. उठते आता, चहा ठेवते, तुम्ही केव्हाच्या बसल्या अशाच कोरड्या.

आणि हा उष्टा कप कोणाचा वं? कोण येऊन गेलं इथं?