पाल्यानं थांबलेली गाडी

हसू नका भाऊ, पाल्यानं! झाडाच्या पाल्यानं गाडी थांबली, अन् तेबी इंग्लंडची! अन् त्या पाल्यापायी मी सख्ख्या भावाच्या मिट्टीले पोचलो नाई...

तुमाले सांगतो, मोठा भाऊ रऊफ तिथी न्यूकॅसलले राहे, बिमार हाय म्हनून पाह्याले निंघालो, तं लंडनले विमानातून उतरत नाई तं भतिजा बिलालचा फोन, "चाचा, अब्बू काल राती गेले, दुपारी मिट्टी हाय, गाडी पकडा!" आता रडाव का पळाव? तेवढ्यात चंद्रपुरातून अम्मीचा फोन. आमच्यात बाया तशाबी कबरस्तानात जात नाई ना! म्हने, "बशीर, माह्या वाट्याची एक मूठ मिट्टी कबरीत तू देजो, बाबू."

बसलो. गाडी काय गाडी! तीन तासात न्यूकॅसल, गिलासातला च्या हालत नाई! अन् अर्ध्या रस्त्यात उभी... माईकवर गार्ड बोलला, "सॉरी, लीव्ज ऑन द लाईन." म्हनलं, झालं! लाईनवरचे सारे लीव्हवर गेले! बाजूच्या बाईले इचारलं, "मॅडम, काऊन सारे एकाच दिवशी सुट्टीवर? सन हाय का?" ते बिचारी खिडकीतून झाडाकडे बोट दाखवून राह्यली. पाल्यानं, भाऊ! पाला पटरीले चिपकला, चाक घसरते म्हने, आता पटरी धुवाची गाडी येईन, धुईन, मंग आपन जाऊ!

अवो, आमच्या जंगलात सागाचा पाला सुपाएवढा पडते! आमच्या लाईनवर वाघ आडवा आला तरी गाडी थांबत नाई, वाघ मरते! अन् इथी पाल्यानं? गार्डले हात जोडले, "साहेब, भाऊ मेला माहा, मिट्टी हाय." त्यानं पुन्हा सॉरी म्हनलं अन् बिस्कुट देल्लं. बिस्कुट!

पोचलो तं सारं आटपलं होतं. कबरस्तानवाल्याची वेळ ठरलेली, तो काऊन थांबीन? मशीननं बुजवून मोकळे. बिलाल गळ्यात पडून रडला. वरून मूठभर टाकली मी, पन पंगत उठल्यावर वाढल्यासारखं ते... जीव जळला भाऊ. पाल्यानं!

घरी आलो. अम्मीनं हात धरला. "देल्ली ना माही मूठ?"

देल्ली म्हनलं.

"कशी हाय तिथची मिट्टी?"

काय सांगू? म्हनलं, "काळीच हाय अम्मी, आपल्या कोरपन्याच्या वावरासारखी." तं म्हातारी म्हनते, "बरं झालं. माहा पोरगा परक्यात नाई झोपला."

पिवळी होती भाऊ. चिकट, पिवळी. पन तुमी घरी आले तं अम्मीले काळीच सांगजा.