सुकऱ्याची ठाण्यातली सावड

मुकेश : बा, कोयता खाली ठेव. कोयता घेऊन ठाण्याच्या सोसायटीत शिरलास, तर वॉचमन पोलीस बोलवेल.

सुकऱ्या : मग काय घेऊ? कामाला कोण रिकाम्या हातानं जातं?

मुकेश : अरे, जायचंच नाहीये! शलाका मॅडम पाहुण्या होत्या आपल्या. होमस्टेला आल्या होत्या.

सुकऱ्या : पाहुणी होती तं ओटीवर बसायचं. ती नि तिचा नवरा खाचरात उतरले. भाताच्या आवणीला दिवस घातला. दोन माणसांचे दोन दिवस आलेत आपल्याकडं. सावड फेडायला नको?

मीना : मामा, त्यांनी लावलेलं आवण मी दुसऱ्या दिवशी उपटून परत लावलं. मुळं वर नि पात चिखलात.

सुकऱ्या : पांड्या पिऊन येतो नि बांधावर निजतो. तरी त्याच्या आवणीला आपण जातो ना? सावडीत दिवस बघतात सूनबाय, हात नाय बघत.

मुकेश : पण ते काम नव्हतं बा, अनुभव होता! शहरातली माणसं त्यासाठीच येतात. लाईट नाही, नेटवर्क नाही. चूल, चिखल, शांतता.

मीना : लाईट नाही म्हणे. बल्ब काढून कणगीत ठेवलेत, नि टीव्ही बकऱ्यांच्या गोठ्यात गोणपाटाखाली. माझी मालिका तिथं अडकलीय.

मुकेश : तू मध्ये बोलू नको. पाटीवर 'विजेविना मुक्काम' लिहिलंय आपण.

सुकऱ्या : तुझी पाटी राहू दे. सोमवारी वरच्या खाचरात आवणी हाय. बारा घरांना बोलावलंय. काल तुका सगळ्या पाड्यासमोर काय बोलला, ठावं हाय? 'सुकऱ्या आता मोठा झाला. शहरवाल्यांचा दिवस खाऊन बसला, आमचा कशावरनं फेडेल?' सोमवारी माणसं नाय आली तं आवण जागेवर पिवळं पडेल. मग वरसभर काय तुझे फोटो शिजवायचे?

मुकेश : तुकाला मी समजावतो.

सुकऱ्या : काय समजावशील?

मुकेश : म्हणजे... सांगतो काहीतरी.

मीना : आधी इथंच सांगा की. मला पण ऐकायचंय.

सुकऱ्या : तिला फोन लाव. कधी येऊ, विचार.

मुकेश : रेंज नाही.

मीना : चिंचेखाली उभं राहून रोज बुकिंग घेता ते? चला, मी पण येते चिंचेपर्यंत. नि आवाज मोठा ठेवा, मामांना ऐकू यायला हवं.

(तिघं चिंचेखाली. फोन मुकेशच्या हातात, मुकेशचा हात मीनाच्या हातात.)

शलाका : हॅलो मुकेश! अरे, पाच स्टार दिले तुला. कंबर अजून धरलीय, पण काय मजा आली!

मुकेश : थँक्यू मॅडम. ते जरा... आमचे बाबा म्हणतात...

सुकऱ्या : बाय, मी सुकऱ्या बोलतो. तुमचा दिवस आमच्याकडं हाय. नवऱ्याचा पण. तो फेडायचा हाय. कधी येऊ?

शलाका : कसला दिवस, काका?

सुकऱ्या : तुम्ही आमच्या खाचरात राबलात, आता आम्ही तुमच्याकडं राबायचं. पैसा घ्यायचा नाय, द्यायचा नाय. जेवण तेवढं मालकाचं.

शलाका : अय्या, किती छान! पण काका, आम्ही तर पैसे दिले होते. आवणीचे मुकेशला दिले. जेवणाचे वेगळे... हॅलो? हॅलो? कट झाला का?

सुकऱ्या : हाय, चालू हाय. मुकेश, कामाला आलेल्या माणसाकडनं तू पैसे घेतलेस?

मुकेश : बा, सगळीकडे असंच चालतं.

सुकऱ्या : जेवणाचे पण?

मुकेश : नाचणीची भाकर ऑरगॅनिक असते ना.

मीना : नि मी मोठ्या मोठ्या थापत होते, माणसं राबून आलीत म्हणून.

सुकऱ्या : बाय, तुमचे पैसे हा परत आणून देईल. काम काय हाय ते सांगा.

शलाका : अहो काका, खरंच काही नको! आमच्याकडे कामच नसतं. भांड्यांना बाई येते, पोळ्यांना वेगळी येते...

सुकऱ्या : काहीतरी असेल.

शलाका : बाल्कनीत सहा कुंड्या आहेत. पण सहाही मेल्यात.

सुकऱ्या : कशानं?

शलाका : ते कळलं असतं तर आवणीला कशाला आले असते, काका?

सुकऱ्या : उद्या सकाळच्या जीपनं निघतो. माती आमची आणतो, तुमची कामातनं गेली असेल. दोन माणसं येऊ.

मुकेश : दोन कोण?

सुकऱ्या : दिवस दोन, माणसं दोन. मातीची पाटी तू घे डोक्यावर. नि तुकाच्या दारावरनं चल, त्याला दिसली पाहिजे.

मुकेश : बा, उद्या पुण्याचे चार पाहुणे येतायत!

सुकऱ्या : मीना हाय ना घरी.

मीना : आणि ते खाचरात उतरतो म्हणाले तर, मामा?

सुकऱ्या : उतरू दे. नावं विचारून ठेव. पत्ता पण.